त्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये टाकण्याआधी

प्रति,
सूक्ष्मजीवशास्त्र विभागांतील सर्व प्राध्यापक,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हा

आदरणीय सर आणि मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यापैकीच कुणाची तरी विद्यार्थिनी आहे. एम.एस्सी. मायक्रो होऊन सोळा वर्षं झाली. तेव्हापासून अमळनेरला एका खासगी लॅबमध्ये कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून बघण्याच्या, टेबलावर काम करते. हे पत्र एका मागणीसाठी लिहिते आहे, आणि मागणी छोटी आहे: तोंडी परीक्षा आटोपली की विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टच्या, जिवाणू वाढवलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्हच्या दाबाच्या वाफेत शिजवून फेकून देऊ नका. पण ही गोष्ट माझ्या मनात इतकी पक्की का बसली हे सांगायचं तर मला माझ्या दिरांच्या कोपरापासून सुरुवात करावी लागेल, आणि तिथून समुद्राच्या तळापर्यंत जावं लागेल. तेवढा वेळ द्या.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. भाऊ, म्हणजे माझे दीर, रात्री ओसरीवर ट्यूबलाइटखाली खताचा हिशोब करत बसले होते. सकाळी उठले तर मानेवर लाल पट्टा, उकळतं तेल ओघळल्यासारखा, आणि कोपराच्या घडीत दोन्ही बाजूंना समोरासमोर एकसारखे फोड. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, “नागीण शे ही.” आपल्याकडे असं काही उठलं की पहिलं नाव नागिणीचंच येतं. कुणी उतरवायला नेतं, कुणी गेरू लावतं. आम्ही डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कोपर दुमडायला लावलं, दोन्ही डाग एकमेकांवर बरोबर बसले, आणि ते म्हणाले, “नागीण नाही. किडा चिरडलाय. हात दुमडलेला असताना विष दोन्हीकडे लागलं.”

तो किडा तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. मुंगीपेक्षा थोडा लांब, डोकं काळं, पुढे नारिंगी, मध्ये निळसर चकाकणारा पट्टा, शेपूट वर करून पळणारा. पावसाळ्यात दिव्याखाली येतो. शेतात तो आपला मित्र आहे, तुडतुडे खातो. चावत नाही, डंख मारत नाही. फक्त अंगावर चिरडला की त्याच्या रक्तातलं विष कातडी जाळतं. किड्याचं नाव पेडेरस, म्हणून विषाचं नाव पेडेरिन. पेशीच्या आत प्रथिनं बनण्याचं काम ते बंद पाडतं.

त्या रात्री मी पेडेरिनबद्दल वाचत बसले. भाऊंचं कोपर आठवडाभरात बरं झालं, माझं वाचन अजून सुरूच आहे. कारण हे विष किडा स्वतः बनवतच नाही. त्याच्या मादीच्या शरीरात राहणारा, स्युडोमोनासच्या कुळातला एक जिवाणू ते बनवतो. योर्न पील या जर्मन शास्त्रज्ञाने २००२ साली त्या जिवाणूची विष बनवणारी जनुकं शोधून दाखवली. आणि २००४ साली त्याच माणसाने जवळपास तशीच जनुकं शोधली ती थिओनेला नावाच्या समुद्री स्पंजात राहणाऱ्या जिवाणूत. तो स्पंज जी ओनामाइड नावाची रसायनं बाळगून असतो, ती पेडेरिनची सख्खी भावंडं. एक किडा आपल्या बांधावरचा, दुसरा प्राणी जपानच्या समुद्रात खडकाला चिकटलेला. दोघांची गाठ पडणं शक्य नाही. तरी दोघांच्या घरात एकाच घराण्याचं विष, आणि ते बनवणारे दोघांचेही जिवाणूच.

मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “समुद्रमा आपलं काय शे, माय?”

त्या प्रश्नाला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. हे पत्र म्हणजे थोडंफार ते उत्तर आहे.

स्पंज म्हटलं की आपल्याला लहानपणची पाटीपुसणी आठवते. समुद्रातला स्पंज जिवंत प्राणी आहे. त्याला तोंड नाही, पोट नाही, मज्जातंतू नाहीत. अंगभर भोकं, आणि त्या भोकांतून तो दिवसरात्र पाणी ओढतो, गाळतो, बाहेर सोडतो. किलोभर वजनाचा स्पंज दिवसाला हजारो लिटर पाणी गाळून काढतो. नऊ हजारांहून जास्त जातींची नोंद झालेली आहे. पळता येत नाही, चावता येत नाही, लपता येत नाही, तरी साठ कोटी वर्षांच्या आसपास तो टिकून आहे. त्याच्या संरक्षणातला मोठा भाग रसायनांचा आहे, आणि त्यातली कित्येक रसायनं त्याच्या अंगात वस्तीला असलेले जिवाणू तयार करतात. ही वस्ती लहान नाही. काही जातींत स्पंजाच्या एकूण वजनात ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत वाटा जिवाणूंचा असतो. म्हणजे ज्याला आपण एक प्राणी म्हणतो तो जवळजवळ अर्धा गाव आहे.

या गावातून औषधं आली आहेत, आणि ती आपल्याकडच्या रुग्णांनाही मिळतात. १९४५ साली वेर्नर बर्गमन यांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून एक स्पंज गोळा केला. त्यात त्यांना अशी न्यूक्लिओसाइडं (डीएनए-आरएनएच्या घडणीतले साखर जोडलेले तुकडे) सापडली की ज्यांची साखर नेहमीची रायबोज नव्हती, अरॅबिनोज होती. तो साचा पाहून रसायनशास्त्रज्ञांनी सायटॅराबिन घडवलं. १९६९ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना, लहान मुलांनाही, ते आजही सलाइनमधून दिलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे.

दुसरं उदाहरण मला जास्त शिकवून गेलं. १९८६ साली जपानमध्ये एका स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन बी मिळालं. कर्करोगाच्या पेशींवर फार प्रभावी. पण पुरेसं आणायचं कुठून? न्यूझीलंडच्या खोल समुद्रातून एक टन स्पंज काढला तेव्हा हाती आलं सुमारे ३०० मिलिग्रॅम. एक टन, आणि त्यातून चिमूटभरही नाही. शेवटी त्या रेणूचा एक छोटा भाग प्रयोगशाळेत बनवायला शिकले, साठहून जास्त पायऱ्यांनी. तेच एरिब्युलिन, २०१० साली स्तनांच्या कर्करोगासाठी मान्य झालं. सापडल्यापासून २४ वर्षांनी.

म्हणूनच जिवाणू महत्त्वाचा. स्पंज टनाने ओरबाडत बसलो तर समुद्र रिकामा होईल आणि औषध तरीही पुरणार नाही. पण रसायन ज्याने बनवलं तो जिवाणू एकदा हाती आला, किंवा त्याची जनुकं दुसऱ्या सोप्या जिवाणूत बसवता आली, तर टाकीत वाढवता येतो. अडचण एवढीच की त्यातले बहुतेक आपल्या प्लेटवर उगवतच नाहीत. २०१४ साली पील यांच्याच गटाने दाखवलं की थिओनेलामधली डझनावारी रसायनं एंटोथिओनेला नावाचा एकच धाग्यासारखा जिवाणू बनवतो. तो आपल्या नेहमीच्या आगरवर, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या खाद्यावर, वाढत नाही. त्याची जनुकं वाचूनच हे कळलं.

पण काही उगवतात, आणि त्यातली एक गोष्ट आपल्या घरातलीच आहे. क्षयरोगाच्या डॉट्सच्या गोळ्यांत रिफॅम्पिसिन असतं. लघवी नारिंगी होते म्हणून रुग्ण घाबरतात आणि आमच्या काउंटरवर येऊन विचारतात, ते हेच. त्याचं मूळ रिफामायसिन १९५७ साली इटलीतल्या प्रयोगशाळेत फ्रान्सच्या मातीतल्या एका जिवाणूतून मिळालं. पुढे ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधल्या एका स्पंजात सॅलिनिस्पोरा नावाचा जिवाणू सापडला, आणि तोही रिफामायसिन बनवतो असं २००६ साली दिसलं. माती आणि समुद्र, दोन्हीकडे तेच कौशल्य. नंदुरबारच्या पाड्यांवर वर्षानुवर्षं क्षयाशी झुंजणाऱ्यांच्या गोळीचं कूळ समुद्रातल्या स्पंजातही सापडतं.

आता माझ्या टेबलावर या.

मागच्या महिन्यात एका शेतमजूर बाईंचं लघवीचं कल्चर आलं. त्यात क्लेब्सिएला नावाचा जिवाणू. मी प्लेटवर औषधात भिजवलेल्या कागदी डिस्क ठेवल्या, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवलं, सकाळी प्लेट उजेडासमोर धरली. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक आहे, औषध चालत असेल तर डिस्कभोवती चंद्राभोवतीच्या खळ्यासारखं स्वच्छ वर्तुळ दिसतं. त्या प्लेटवर वाढ डिस्कच्या कडेला येऊन भिडली होती. एका, दुसऱ्या, तिसऱ्या. बारांपैकी दोनच डिस्कभोवती वर्तुळ होतं, आणि ती दोन्ही औषधं इंजेक्शनची, महागडी, जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन द्यावी लागणारी. काउंटरवर त्यांचा मुलगा उभा होता. त्यानं विचारलं, “मॅडम, गोळीनं भागून जाईल ना?” मी रिपोर्ट त्याच्या हातात दिला आणि डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. त्यापलीकडे सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

२०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट १२.७ लाख माणसं गेली असा अंदाज आहे. आपल्याला हा आकडा वाचून मोठा वाटत नाही, पण मला ती प्लेट आठवते. आणि दोष फक्त दवाखान्यांचा नाही. माझे वडील केळीला गड्डासड लागली की स्ट्रेप्टोमायसिनची पुडी बादलीत कालवून बुडाशी ओतायचे, लिंबाच्या खैऱ्यावर फवारायचे. तेच स्ट्रेप्टोमायसिन ज्याने १९४० च्या दशकात क्षयरोग्यांना पहिल्यांदा जगवलं. तेही मातीतल्या जिवाणूनेच दिलेलं. मिळालेलं आपण फार सैल हाताने खर्च केलं. आता नवं शोधणं भाग आहे, आणि शोधणारे हात कमी आहेत.

इथे माझी तक्रार येते. ज्या कॉलेजात मी शिकले त्याचं नाव घेत नाही, कारण तिथेच असं घडतं असं नाही.

शेवटच्या वर्षाला माझा प्रोजेक्ट होता: शेतातल्या मातीतले अ‍ॅक्टिनोमायसिटीस (धाग्यांसारखे वाढणारे जिवाणू) आणि त्यांची जिवाणूरोधक शक्ती. मी आमच्या केळीच्या मळ्यातली, विहिरीच्या काठची आणि नदीच्या गाळाची माती आणली. स्टार्च केसिन आगरवर २३ वसाहती मिळाल्या. खडूच्या भुकटीसारख्या पांढऱ्या, राखाडी, एक फिकट गुलाबी. प्लेट उघडली की पहिल्या पावसात भिजलेल्या जमिनीसारखा वास यायचा, कारण तो वास मुळात यांचाच. त्यातल्या के-७ क्रमांकाच्या जिवाणूने स्टॅफिलोकॉकस या रोगजंतूच्या प्लेटवर असं वर्तुळ काढलं की सरांनी स्वतः पट्टी आणून मोजलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फोटो पाहिला, मार्क दिले. दुसऱ्या दिवशी पुढच्या बॅचसाठी टेबल रिकामं हवं म्हणून सगळ्या प्लेटा आणि नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या. संध्याकाळी मागच्या बाजूला शिजलेल्या आगरचा ढीग पडलेला होता. मी तिथे उभी होते. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, मार्क चांगले मिळाले होते. वाईट वाटायला मला काही वर्षं लागली.

के-७ मधून औषध निघालं असतं असं माझं म्हणणं नाही. बहुतेक निघालं नसतं. बहुतेकांतून निघत नाही, आणि निघालं तर जुनंच काहीतरी निघतं. पण आपण त्याला विचारलंच नाही. आणि तुमच्या विभागांतून दरवर्षी असे किती के-७ शिजवले जातात याचा विचार करा. तीन जिल्हे, इतकी कॉलेजं, प्रत्येकात प्रोजेक्टचे गट, प्रत्येक गटाचे दहा-वीस जिवाणू, आणि हे वर्षानुवर्षं.

डॅप्टोमायसिन या अँटिबायोटिकची हकिगत इथे सांगते. तुर्कस्तानातल्या अरारात डोंगराच्या मातीतल्या जिवाणूतून ते मिळालं. एका मोठ्या कंपनीने त्यावर काम करून, दुष्परिणाम दिसल्यावर, ते बाजूला ठेवलं. ठेवलं, फेकलं नाही. पुढे दुसऱ्या छोट्या कंपनीने ते घेतलं, डोस देण्याची वेगळी पद्धत बसवली, आणि २००३ साली ते औषध बाजारात आलं. त्वचेच्या आणि रक्तातल्या गंभीर संसर्गांवर ते आज वापरलं जातं. आणि आपल्या महाराष्ट्रातलंच सांगायचं तर पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीरोधक औषध निघालं. ज्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूने ते दिलं त्याच्या नावातच पिंपरी आहे. पिंपरीच्या मातीला जे जमलं ते आपल्या काळ्या मातीला जमणार नाही असं कुणी ठरवलं?

म्हणून मागणी पुन्हा करते, थोडी सविस्तर.

जिवाणू जपायला उणे ऐंशीचा फ्रीझर लागतो असं म्हणून विषय संपवू नका. आपल्याकडे भारनियमन आहे, जनरेटरला डिझेल नसतं, मला ठाऊक आहे. अ‍ॅक्टिनोमायसिटीस कोरड्यात टिकणारे बीजाणू धरतात. गिरणेची नाहीतर तापीची वाळू चाळा, आम्लाने धुवा, वाळवा, नळीत दोन बोटं भरा, तीन दिवस लागोपाठ ऑटोक्लेव्ह करा, त्यावर बीजाणूंचं द्रावण थेंब थेंब सोडून कोरडी करा, बूच मेणाने बंद करा. कपाटात वर्षानुवर्षं राहते. वीज लागत नाही. ही पद्धत आपल्या प्रॅक्टिकलच्या वहीत असते, आपण ती परीक्षेत लिहितो आणि करत नाही. नळीवर गाव, शेत, तारीख, पीक, कोणत्या जिवाणूवर वर्तुळ आलं, एवढं लिहा. रुग्णांच्या नमुन्यातले जिवाणू मात्र जपू नका, ते जाळायचेच.

आणि एक कपाट आपल्या विद्यापीठात असावं, जिथे तिन्ही जिल्ह्यांच्या नळ्या जमा होतील. जो जिवाणू खरोखर वेगळा वाटेल तो पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राकडे पाठवता येईल. तिथे तो नीट ओळखला जातो, जपला जातो, आणि कुणाला हवा असेल तर मिळतो.

आता समुद्राबद्दल. खानदेशाला किनारा नाही, पण आपलं पाणी तापीतून सुरतेजवळ समुद्रालाच जातं, आणि भुसावळहून सुरतेला जाणारी गाडी अमळनेरवरून, नंदुरबारवरून जाते. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, प्रत्येक विभागाने चार-पाच विद्यार्थी किनाऱ्यावरच्या एखाद्या कॉलेजाशी जोडून का पाठवू नयेत? अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला खडकांच्या खाचांत पाण्याखाली राहणारे स्पंज उघडे पडतात, पिवळे, नारिंगी, काळपट. जैवविविधता कायदा आणि राज्य जैवविविधता मंडळाचे नियम वाचून, वनखात्याची परवानगी घेऊनच हात लावायचा, आणि संरक्षित क्षेत्रात तर नाहीच. पूर्ण स्पंज उपटायचा नाही, बोराएवढा तुकडा पुरतो. निर्जंतुक समुद्राच्या पाण्याने धुवायचा, वाटायचा, सौम्य करायचा, आणि समुद्राच्याच पाण्यात बनवलेल्या आगरवर पसरायचा. ते पाणी कॅन भरून इकडे आणावं लागेल, कारण सॅलिनिस्पोरासारखे जिवाणू गोड्या पाण्याच्या आगरवर उगवत नाहीत. आणि सातव्या दिवशी प्लेट बघून “काही नाही” असं लिहायचं नाही. यांना सहा-सहा आठवडे लागतात. आपला प्रोजेक्ट तेवढ्यात संपतो म्हणून आपण सगळ्यात आधी उगवणाऱ्यांनाच ओळखतो.

किनाऱ्याला जाणं जमेपर्यंत एक काम इथेच करता येईल. गोड्या पाण्यातही स्पंज असतात. दगडाला, बुडालेल्या फांदीला धरलेल्या हिरवट-करड्या, खरबरीत थरासारखे. उन्हाळ्यात पाणी आटलं की खसखशीएवढ्या कोशांत जीव धरून थांबतात. आपल्या धरणांच्या काठांवर, हतनूर, गिरणा, वाघूर, मुलांनी मार्चमध्ये पाणी उतरल्यावर दगड उलटून बघावेत. सापडला तर त्याच्या आतल्या वस्तीत काय आहे हे बघणारा आपल्या भागातला तो विद्यार्थी पहिल्यांपैकी एक असेल. आणि पावसाळ्यात दिव्याखालचा तो नारिंगी-काळा किडा चिमट्याने, हात न लावता, बाटलीत धरून विद्यार्थ्यांना दाखवा. त्याच्या पोटातल्या जिवाणूची गोष्ट सांगा. आमच्या पोरांना स्पंज कधी बघायला मिळालेला नाही, पण तो किडा प्रत्येकाच्या मानेवर कधी ना कधी चालून गेलेला आहे. तिथून समुद्र दूर वाटत नाही.

आपले विद्यार्थी पास होऊन अंकलेश्वरला, वापीला, नाशिकला कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला, लागतात. चांगलं काम आहे, घर चालतं. पण त्यातल्या एखाद्याला तरी दुसऱ्याने शोधलेलं औषध तपासण्याऐवजी स्वतः शोधावंसं वाटलं, तर त्याला सांगायला आपल्या कपाटात काहीतरी असलं पाहिजे.

यंदाच्या तोंडी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होतील. ज्या विभागाला नळ्या भरायला माणूस नाही, त्यांनी ऑटोक्लेव्ह लावायच्या आधी दोन दिवस अमळनेरच्या कोणत्याही लॅबमध्ये निरोप ठेवा, आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो, मला मिळेल. रविवारी मला सुट्टी असते. मी एस.टी.ने थर्मोकोलचा डबा आणि धुतलेल्या वाळूच्या शंभर नळ्या घेऊन येईन, आणि मुलांबरोबर बसून भरून देईन. त्यांच्या हातात त्यांच्या नळ्यांची यादी देऊनच परत निघेन.

आपली विनम्र,
एक माजी विद्यार्थिनी
अमळनेर, जि. जळगाव